माझ्या छातीवरच्या तीन खुणा

…आन् वर परत मलाच इचारत्यात, 'मारुतीराव, बिडी वढत हुता काय वो?' न्हाय बाबांनो, न्हाय! चाळीस वर्सं बेळगावच्या खडेबाजारात शर्ट-पँटी शिवल्या, तोंडात धरला तो फकस्त दोरा. तरी फुप्फुसात कॅन्सर झाला, आता काय करू, त्याला जाऊन जाब इचारू? पर आमच्या बेळगुंदीत आजाऱ्याला बघायला येणाऱ्याला गप बसवतंय कुठं? हातात बिस्किटाचा पुडा, खाटंवर टेकायच्या आत औषध सांगून मोकळा. परशराम म्हणतोय कारल्याचा रस घ्या. मष्णू म्हणतोय, माझ्या साडूला हेच झालतं, लई हाल झालं, गेला बिचारा… घ्या की, बिस्कीट घ्या. तुम्हाला सांगतो, आजारी मी, आन् डॉक्टर सगळं गाव!

आता नीट ऐका. दोन वर्सांमागं माझं ऑपरेशन झालं, वर छातीला लाईट दिली, म्हंजे रेडिएशन. बरा झालो म्हणून पेढं वाटलं, आन् औंदा स्कॅनमदी परत गाठी दिसल्या, दोन फुप्फुसांच्या मधी. तीच पीडा, फकस्त बिऱ्हाड बदललेलं. बेळगावचा डॉक्टर म्हणाला, तीच लाईट परत दिली तर अन्ननळीला आन् हृदयाला सोसायची न्हाय, त्यांचा वाटा गेल्या खेपंलाच झालाय. चेन्नईला प्रोटॉनचं मशीन हाय, त्यातनं बारीक कण सोडत्यात, ते गाठीपतूर जात्यात आन् तितंच थांबत्यात, पलीकडं जात न्हाईत. मला लई पटलं. आमच्या पावण्यांस्नी एवढं कळलं असतं तर? उंबऱ्यापतूर यायचं आन् तितंच थांबायचं!

तर पोरगा, सौरव, घिऊन गेला मला चेन्नईला. तितल्या मशीनवरच्या पोरीनं पालथा-उताणा करून, मापं घिऊन, छातीवर जांभळ्या शाईनं तीन खुणा काढल्या. म्हणाली, आप्पा, ह्या खुणांवर मशीन जुळवणार, तयारीला दहा दिवस लागत्यात, तवर घरी जावा, पर ह्या पुसू नगा. मी म्हटलं, बाई, जनमभर खडूच्या खुणांवर कात्री चालवली, मला काय शिकवतीस?

आलो घरी. आन् आली आमची आक्का, जयाबाई, खानापूरची, माझी थोरली भण. दवाखान्यातनं आलेल्याला तेल लावून कडकडीत पाण्यानं न्हाऊ घातल्याबिगर तिला चैन पडत न्हाय. मालुबाई, आमचं कुटुंब, सोप्यात पावण्यांस्नी च्या देण्यात गुतलेली. मी म्हटलं, आक्का, डोसक्याला लाव, छातीला हात लावू नगं. 'व्हय रं, व्हय,' म्हणाली. आन् तिनं असं टाळूवर तेल जिरवलं म्हणता… सहा म्हयनं मला ज्यो हात लागला त्यो हातमोजं घातलेला, आन् ह्यो हात आईगत खरबरीत. मिटलं माझं डोळं. डुलकी लागली, चूक माझीच. डोळं उघडून बघतोय, तर छाती लख्ख!

'किती मळ रं त्यो जांभळा,' आक्का म्हणाली, 'काथ्यानं घासला तवा निघाला. दवाखान्यात आंघूळ घालत न्हाईत काय?'

चेन्नईला फोन लावला. पोरगी म्हणाली, पैल्यापास्नं सगळं करायला पायजे, तुमचा नंबर दुसऱ्याला जाईल, तीन आठवडं थांबा. आता त्या गाठींस्नी कोण सांगणार, बायांनो, तीन आठवडं थांबा म्हणून? भ्यालो तवा, खरं सांगतो. मालुबाई परसात जाऊन रडून आली, आन् मी बघितलंच न्हाय असं दाखवलं. आन् तेवढ्यात मष्णूनं खिशातनं पेन काढला! म्हणतोय, 'कुठं कुठं हुत्या तेवढं दावा, मी काढतो. पंचायतीत घरांस्नी नंबर मीच घातल्यात.' आता बोला! आजारी मी, आन् डॉक्टर सगळं गाव!

तीन आठवड्यांनी परत गेलो. परत स्कॅन, परत मापं. गाठी वाईच फुगल्यात, पर डॉक्टर म्हणाला, अजून मशीनच्या आटोक्यात हायत. तवा कुठं जिवात जीव आला. ह्या खेपंला पोरीनं शाईचा नादच सोडला, सुईनं तीन ठिपकं गोंदूनच दिलं. बसा घासत!

परत धा दिवस घरी. आक्का हजरच. सदरा वर करून बघितला, बोट थुकीनं वलं केलं, चोळून बघितलं. म्हटलं, आक्का, निघत न्हाय, गोंदलंय ते. तशी तिचं तोंड एवढं फुललं म्हणता! तिनं आपला गोंदलेला हात माझ्या छातीजवळ धरला, डोळ्यांत पाणी आणलं, आन् म्हणाली, 'बेस झालं रं मारुती. घरदार, जमीनजुमला, सगळं हितंच ऱ्हातंय. गोंदण तेवढं मेल्यावर संगं येतंय.'

आता हिला काय म्हणायचं तुमीच सांगा! म्हटलं, आक्का, तवाचं तवा बघू… आदी ते सोमवारी माझ्यासंगं चेन्नईला तर येऊ दे.