बंद झालेलं पिस्तूल

केंटकीतल्या बंदुकांच्या दुकानात रांगेत उभ्या लोरीनचे कान पुढच्या ओपलमावशी आणि दुकानदार वेस्लीकडेच लागले होते.

"डोंगरावर एकटी राहते रे मी. चोर आला तर हे स्वस्तातलं पिस्तूल दगा देणार नाही ना?"

"अहो मावशी, हे तर बंद झालंय!"

"बंद कसलं? सकाळीच झाडलं की मी!"

"म्हणजे कंपनीनं बनवणं बंद केलं. मागच्या नेमबाजीच्या खोलीत चला, निशाण्याचा कागद लावतो. पन्नास गोळ्यांत एकदाही अडकलं नाही तर खुशाल ठेवा."

मावशींच्या गोळ्यांचे धाडधाड आवाज सुरू झाले. लोरीन रांग सोडून त्या खोलीच्या काचेला नाक लावून उभी राहिली.

"झाल्या पन्नास! अडकलं का कुठं, वेस्ली?"

"एकदाही नाही! पिस्तूल पास, मावशी! पण कागदाला एकही भोक नाही."

"ते चोराला कोण सांगतंय?"