राखणदाराच्या भरवशावर ठेवलेली गोणी

मंडळी, पुढे सरकून बसा. मागे टेकायला खांब मिळतो हे मला ठाऊक आहे, पण आज टेकून ऐकण्यासारखं काही नाही. एकच प्रश्न घेऊन उभा राहिलो आहे. चोरी होते तेव्हा चोर किती असतात?

एक म्हणता? उचलणारा, बस्स? थांबा, इतक्यात माना हलवू नका. मान हलवायला पैसे पडत नाहीत, म्हणून माणूस ती फार लवकर हलवतो.

खाली कोकणात, खाडीच्या काठाला एक गाव आहे. पुढे खाडी, मागे माड, मधे देऊळ. गावाचा एक राखणदार देव आहे. रात्री तो हातात काठी घेऊन शिवेवर फिरतो अशी लोकांची श्रद्धा. त्या श्रद्धेला माझा नमस्कार. आता तिचं माणसांनी काय केलं, ते सांगतो.

त्या गावात सुगंधा तारी नावाची बाई. नवरा बोटीवर आचारी, वर्षातून एकदा घरी. बाईने स्वतः एक जुनं पिकअप घेतलं, आणि त्यावर कयाक. कयाक म्हणजे काय? एकट्या-दुकट्याने वल्हवायची हलकी, लांबुडकी होडी. सुट्टीत लोक येतात, खाडीत वल्हवतात, भिजतात, हसतात, जातात. बाई आज या काठाला, उद्या त्या काठाला. सगळा खेळ पिकअपच्या हौद्यात – होड्या, वल्ही, लाइफ जॅकेटं. वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर.

जत्रेच्या दिवशी तिने गाडी देवळासमोर लावली. हौद्यात होड्या, होड्यांवर एक गोणी, गोणीत जॅकेटं. शेजारणीने विचारलं, “अगो सुगंधा, साखळी खंय? कुलूप खंय?”

बाई म्हणाली, “देवासमोर कुलूप? राखणदाराचो अपमान गो तो.”

आणि बॉनेटवर नारळ ठेवला, मूठभर तांदूळ ठेवले, हात जोडले आणि जेवायला गेली. त्या गावात असंच करतात. देवळासमोर कुलूप लावणारा म्हणजे देवावर संशय घेणारा. वा! साखळी घरात खुंटीला, आणि देव बाहेर उन्हात गाडी राखतोय. पगार काय, तर एक नारळ, तोही संध्याकाळी आपणच फोडून खाणार.

आमच्याकडे जात्यावर बसलेली बाई म्हणाली असती –

देवाच्या दारी गाडी, दोर सैल सोडियेला
राखणदार म्हणे, बाई, मला कोणी नेमियेला?

पंगती उठल्या. बाई परत आली तर ताडपत्रीचा एक कोपरा उघडा आणि गोणी नाही. होड्या तशाच, वल्ही तशीच. फक्त गोणी गेली.

आता ऐका. देवळाच्या ओट्यावर त्या वेळी माणसं बसली होती. पान खात होती, आंब्याच्या मोहोराच्या गप्पा मारत होती. भर दुपार होती, ऊन लख्ख. त्यांनी पाहिलं नसेल? पाहिलं. एकेकाने पाहिलं. गोणी खांद्यावर टाकून गेला तो उमाजी केळुसकर. गावचा मानकरी. पालखीला पहिला खांदा त्याचा, प्रसादाचा पहिला नारळ त्याचा.

त्याला कशाला हवी होती जॅकेटं? त्याची एक बोट आहे, पाहुण्यांना खाडीतल्या बेटावर नेते. बंदरावरच्या साहेबाने बजावलं होतं, बोटीत माणसामागे जॅकेट दिसलं पाहिजे. दिसलं पाहिजे! हा शब्द नीट ऐकलात ना? बुडणारा वाचला पाहिजे असं उमाजीने ऐकलंच नाही. त्याला फक्त ‘दिसलं’ ऐकू आलं. आपलंही असंच असतं, टिळा दिसला पाहिजे, आत काय आहे ते कोण बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव देवळासमोर जमला. गाऱ्हाणं घालायचं ठरलं. ज्यांनी कोकणातलं गाऱ्हाणं ऐकलं नाही त्यांना सांगतो: गुरव हात जोडून देवाला साकडं घालतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळा गाव एका आवाजात म्हणतो, ‘व्हय म्हाराजा’. म्हणजे आम्ही सगळे यात आहोत.

रामा गुरव पुढे आला. “बा देवा म्हाराजा, तुझ्या दारात चोरी झाली.”

“व्हय म्हाराजा.”

“ज्या कोणी गोणी नेली असात, त्याका उघडो पाड.”

“व्हय म्हाराजा.”

“त्याचो हात वाळवून टाक, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

आणि मंडळी, सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा? उमाजीचा. मानकरी ना तो, पहिल्या रांगेत उभा. आणि त्याच्या मागे ओट्यावरची ती सगळी माणसं, काल डोळ्यांनी बघितलेली, आज डोळे मिटून हात जोडलेली. माझ्या अंगाची आग होते हे सांगताना. अरे, देवाला विचारताय चोर कोण, आणि उत्तर तुमच्या जिभेवर बसलंय पानाच्या लाल रंगात!

तेवढ्यात सुगंधा पुढे आली. आवाज बारीक होता, पण हलत नव्हता.

“काका, थांबा. हात वाळूक नको. गाऱ्हाणा बदला.”

“कित्याक गो?”

“त्या गोणीत चांगली जॅकेटा नव्हती. चांगली गाडीत माझ्या सीटखाली आसत. गोणीतली कुजकी. आतल्या फोमाचो भुगो झालोहा. पाण्यात गेली की पाणी पितत, आणि माणसाक खाली ओढतत. मी ती मोडीत घालूक नेय होतंय. कापून टाकूक होयी होती, मी आळस केलंय.” तिने देवाकडे पाहिलं. “देवा, ज्याने नेली त्याच्या घरच्या जिवाक सांभाळ.”

गाव म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

एक आवाज त्यात नव्हता.

उमाजीचे जोडलेले हात सुटले.  मग तो सुगंधाच्या अंगावर आल्यासारखा आला. “गाडी काढ. सुगंधा, गाडी काढ गो. मनवा खाडीत आसा.”

मनवा म्हणजे त्याची लेक. कॉलेजातल्या मैत्रिणी घेऊन जत्रेला आलेली. आज सकाळी, बोट चालवणाऱ्या आपल्या काकाबरोबर, बेटाकडे निघालेली. आणि प्रत्येकीच्या अंगात – सांगायला हवं का, कुठली जॅकेटं?

खाडीच्या पाण्यावरी लेक माझी फूल, बाई
फुलाला या धराया गं पाण्याला त्या हात नाही

पिकअप धक्क्यावर पोचली. बोट लांब, खाडीच्या मुखाजवळ, इंजिन बंद. का बंद? पोरींना पाण्यात उड्या मारायच्या होत्या. जॅकेट आहे ना, मग भीती कसली. खाडीत फोन लागत नाही. उमाजी ओरडत राहिला, वारा उलटा, हाक त्याच्याच तोंडावर परत येत होती. सुगंधाने दोर तोडला, कयाक पाण्यात ढकलली, सीटखालची नवी जॅकेटं पायाशी टाकली आणि वल्हं मारलं.

ती पोचली तेव्हा मनवा बोटीच्या काठावर उभी होती. वाकलेली, हात पुढे.

“उडी मारू नको गो!”

पोर हसली. “आत्ये, जॅकेट आसा मां.”

“काढ ता. काढ, आणि ता नुसताच पाण्यात टाक.”

मनवाने काढलं, टाकलं. सगळ्या बघत होत्या. नारिंगी रंग पाण्यावर थोडा वेळ डुलला. बुडबुडे आले. मग एक खांदा खाली गेला, मग दुसरा, आणि माणूस झोपेत कूस बदलतो तसं वळून ते जॅकेट तळाला गेलं.

 मनवा बोटीच्या मधे जाऊन खाली बसली आणि काठ दोन्ही हातांनी धरून राहिली.

धक्क्यावर उमाजी म्हणाला, “चोर मी.” गावासमोर म्हणाला. त्यासाठी मी त्याला एक नमस्कार करतो, चोरीसाठी नाही. पण ओट्यावरची मंडळीही तिथे आली होती. एक बायग्याकाकी म्हणून होती, सुगंधाने तिला विचारलं, “काकी, तू बघलंस?”

“बघलंय गो. पण मानकऱ्याक कोण इचारतलो? माका वाटला, आपणाक काय करूचा.”

आपल्याला काय करायचंय! मंडळी, त्या पोरी या तीन शब्दांवरच बुडणार होत्या. उमाजीने गोणी उचलली, खरं. पण धक्क्यापर्यंत ती पोचवली कोणी? ज्याने ज्याने पान गिळलं आणि शब्दही गिळला, त्या प्रत्येकाचा खांदा त्या गोणीखाली होता. सुगंधाचाही होता. कुलूप घरी ठेवून देवाला राबवणाऱ्याचा खांदा असतोच. देव राखतो हो, राखत नाही असं मी म्हणणार नाही. पण तो माणसाच्या हाताने कुलूप लावतो आणि माणसाच्या तोंडाने बोलतो. तुम्ही हात आणि तोंड दोन्ही आवरून बसलात, तर त्याने करावं तरी कसं?

आता तुमच्याकडे वळतो. या मांडवात कोणीतरी असं बसलं आहे, ज्याने या आठवड्यात काहीतरी पाहिलं आहे. कोणाच्या विहिरीवरची मोटर उचलून नेताना, कोणाच्या बांधावरचं झाड तोडताना, कोणाच्या सुनेवर हात उगारताना. नाव माहीत आहे, आणि बोललेला नाही. मी नाव विचारत नाही. त्याने फक्त उठायचं आणि ज्याचं गेलं आहे त्याच्या घरी जायचं. आत्ता. कीर्तन संपायच्या आधी.

मृदंगवाले बुवा, हात थांबवा. टाळकरी, तुम्हीही. इथे गजर होणार नाही.

मी वाट बघतो.