थेट अध्यक्ष आणि सतरा सीटची गाडी

आरटीओच्या रांगेत लर्निंग लायसन्ससाठी उभ्या असलेल्या रक्षाच्या पुढे मारोतराव आपली सतरा सीटची गाडी अनुपच्या नावे करायला त्याच्यासोबत उभे होते. खिडकी अजून उघडायची होती. रक्षाचे कान उघडेच होते.

“इतकी चांगली गाडी काहून विकून राहिले, काकाजी?” अनुपने विचारलं.

“थेट नगराध्यक्षापायी.”

“त्यानं काय केलं तुमचं?”

“लोकायनं निवडला ना त्याले! पहिले नगरसेवक निवडत. मतदानापर्यंत कोनी फुटू नये म्हणून सारे माह्या जुन्या गाडीत, पचमढीले. डिझेलवाला, ढाबेवाला, सारे खुश. मग थेट निवडणूक आली. मधात सरकार म्हणे, पुन्हा नगरसेवकच निवडतील. मी खुशीनं ही मोठी गाडी घेतली, अन् कायदा पुन्हा थेटवर फिरला.”

“मी तर थेट अध्यक्षाच्याच भरवशावर घेऊन राहिलो. एक माणूस जिम्मेदार झाला, आता बाजार सुधरते. आसगावच्या बाया खरेदीले येतीन, मी फेऱ्या मारीन.”

“सुधरला का बाजार?” मारोतरावांनी विचारलं.

“अध्यक्ष सभेत बोलले ना, सुधरवतो म्हणून.”

“मग घे बावा.”

“तुमचंही सारं बुडालं नाही, काकाजी. उपाध्यक्ष अजूनही नगरसेवकच निवडते.”

मारोतराव लगेच अनुपकडे वळले.

“कवा हाय?”

“मंगळवारी. दोन्ही पार्ट्या बराबरीत हायेत म्हणते. एक जरी सरकला का खेळ खतम.”

खिडकी उघडली.

“गाडीचे कागद द्या.”

“आज नाही, साहेब. गाडी बाहेरगावी चालली.”