पित्ताची गोळी

चहानं पित्त होतं, असं कोणी म्हणलं की मला थकवाच येतो बघा. आमच्या मायच्या पित्ताशयात खडे निघाल्ते. ऑपरेशनला ती लई भेली. तव्हा जालन्याचे डॉक्टर म्हणले, "खडे बारीक आहेत, गोळीनं विरघळतील. पित्तात जे आम्ल असतं, तेच हिच्यात आहे. पित्ताचीच गोळी म्हणा ना." माय खूश.

मंग काय, दर महिन्याला टेंभुर्णीहून एस्टीनं जालन्याला जायचं अन् गोळ्या घेऊन वापस. कंबर मोडली माझी. सालभरानं सोनोग्राफी केली, तर खडे जिथल्या तिथं.

डॉक्टरनं विचारलं, "माय, गोळ्या बराबर घेतल्या ना?"

"घेतल्या की! मला जळजळलं की मी घेतली, शेजारणीला जळजळलं की तिला दिली. पित्ताची गोळी हाये, कोणाला न्हाई कशी म्हणू? आमच्या गल्लीत आता कोणालाच पित्त न्हाई."

डॉक्टरनं ऑपरेशनची चिठ्ठी लिहिली.

वापस येताना एस्टीत माझ्याच छातीत जळजळून राह्यल्तं. मायनं पदराची गाठ सोडली. "घे, एक उरली."

भांडायची ताकद न्हवती. घेतली.