दारावरचा पंजा

कारचे स्पीकर घ्यायला बापाला सोबत कोण नेते, सांगा. पण माझे बाबा घरी बसून कंटाळले होते, म्हणून नेलं. कामठीच्या पावरलूमच्या खडखडाटात तीस वर्षं काढलेला माणूस. कानाने आता काही ऐकू येत नाही, असं आम्ही घरचे धरूनच चाललो होतो.

सेकंडहँड गाडी घेतल्यावर माझ्याकडे उरले होते पाच हजार. महाल भागातल्या दुकानदाराने गाडीत गाणं लावलं, तर गाण्यापेक्षा घरघरच जास्त. तो म्हणाला, "भाऊ, चारही स्पीकर गेले. अँप्लिफायरसकट बारा हजारात बसवून देतो."

माझं तोंडच उतरलं. तेवढ्यात मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "स्पीकर काहून बदलून राहिला गा? दार ढिलं आहे."

मी ओरडून विचारलं, "बाबा, तुमाले ऐकू आलं?"

त्यांनी दारावर पंजा टेकवला. घरघर थांबली. उचलला, पुन्हा सुरू. म्हणाले, "लूमचा नट ढिला झाला की हाताले असंच लागते. कानाचं काय काम त्याच्यात?"

दुकानदाराने दाराचं आतलं कव्हर काढलं, तर दोन स्क्रू नव्हतेच. त्याने ते लावले, आतून फोम चिकटवला, आणि तेच जुने स्पीकर स्वच्छ वाजायला लागले.

मी सातशे रुपये देऊन वळलो, तर बाबा गाडीत नाहीत. मागे नंबर लावून थांबलेल्या एका अनोळखी माणसाच्या गाडीत ते जाऊन बसले होते, पंजा दारावर ठेवून. त्याले म्हणून राहिले होते, "हं, लाव गा गाणं."