फिटचा शेरा

गडब गावची मंडळी, धाटावच्या कंपनीतून शिफ्ट संपवून तसेच इथे आलेले माझे सोबती, आणि सुनंदावहिनी. विलासच्या शोकसभेत मला चार शब्द बोलायला सांगितलंय. प्लांटमध्ये मशीनच्या आवाजावर आवाज काढायची मला सवय आहे. आज शाळेच्या या शांत वर्गात माझा आवाज निघत नाय. सांभाळून घ्या.

मी इब्राहिम, रोह्याचा. विलास आणि मी एकोणीस वर्षं एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. विलास किती चांगला होता, ते तुम्हा गाववाल्यांना मी काय सांगू? मी आज दुसरं सांगायला उभा आहे. मला ते सांगायची भीती वाटते. पण न सांगायची जास्त वाटते.

चार वर्षांपूर्वी कंपनीच्या मेडिकलमध्ये आम्हा दोघांचं बीपी वाढलेलं निघालं. तपासायला एक वयस्कर डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी आम्हाला समोरासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "गोळी रोज घ्यायची. मीठ कमी. सुकी मच्छी, पापड, लोणचं कमी. तंबाखू बंद. रोज अर्धा तास चाला. आणि रात्रपाळी केलीत की दिवसा झोप पूर्ण करा, इकडे तिकडे हिंडू नका." एवढंच सांगितलं. यात न जमण्यासारखं काय होतं?

विलासने ते मनावर घेतलं. मी नाय घेतलं. विलासने घेतलं. खिशातली तंबाखूची पुडी गेली. शेताच्या बांधाने सकाळी चालायला लागला. वहिनी त्याच्यासाठी कमी मिठाचं कालवण वेगळं काढून ठेवायच्या. डबा खाताना तो तोंड वाकडं करायचा, पण खायचा. दोन-तीन महिन्यांत मला म्हणाला, "इब्राहिमभाय, डोकं कसं हलकं वाटतं. तू पण चालायला लाग."

मी हसलो. मंडळी, मी हसलो.

मग पुढच्या वर्षीचं मेडिकल जवळ आलं. विलास घाबरला. म्हणाला, "परत बीपी जास्त निघालं तर प्लांटवरून काढून गेटवर बसवतील." तेव्हा मी त्याला एक गोष्ट शिकवली. माझा भाऊ आखातात नोकरीला आहे. तिकडे जाण्याआधी मेडिकल असतं, त्यासाठी कुणी कुणी काय करतात ते मी ऐकलं होतं. मी विलासला म्हटलं, "अरे, मेडिकलच्या आधी आठवडाभर गोळी नीट घ्यायची, मीठ बंद ठेवायचं, झोपायचं. कागदावर फिटचा शेरा मिळतो. बाकी वर्षभर कशाला जिवाला त्रास?"

तो म्हणाला, "आणि मधे काय झालं तर?"

मी म्हटलं, "काय होतंय? दुखतंय का कुठे?"

नव्हतं दुखत. तीच तर गोष्ट आहे. बीपी दुखत नाय.

आम्हा दोघांना फिटचा शेरा मिळाला. विलासने घरी जाऊन वहिनींना तो शेरा दाखवला. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. त्या दिवसापासून रोजची गोळी आणि वेगळं कालवण बंद झालं. चालणं आज-उद्या करत सुटलं. पुडी परत आली. नाईट करून आला की झोपायचं सोडून शेतावर जायचा. पुढच्या वर्षी पुन्हा आठवडाभर गोळी, पुन्हा फिट. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

आणि गेल्या महिन्यात, पहिल्या शिफ्टला, चहाच्या आधी, विलास मीटरचं रीडिंग वहीत लिहीत होता. मला म्हणाला, "पेन धरवत नाय." मी म्हटलं, झोप झाली नसेल, बस जरा. त्याला घाम आला होता. मी कॅन्टीनमधून लिंबू सरबत आणलं. मीठ घालून आणलं. माझ्या हाताने त्याला पाजलं. अर्धा तास मी त्याला वारा घालत बसलो. अर्धा तास, मंडळी. मग त्याचं तोंड एका बाजूला गेलं, आणि तो काय बोलतोय ते मला कळेना.

रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्तस्राव झालाय, मोठ्या हॉस्पिटलला न्या. अँब्युलन्स याच हायवेने निघाली. गडब फाट्यावर वहिनी उभ्या होत्या. गाडीत चढल्या आणि मला विचारलं, "भावजी, हे फिट होते ना?"

मी खाली बघितलं. पेण गेलं, पनवेल आलं, तरी मी वर बघितलं नाय.

तिसऱ्या दिवशी विलास गेला.

तेव्हापासून मी घाबरलेला माणूस आहे. सकाळी उठलो की आधी दोन्ही मुठी आवळून बघतो. आरशासमोर उभा राहून हसून बघतो, तोंड सरळ आहे का. बायकोला वाटलं, याला म्हातारपणी नटायची हौस आली. आमच्या मोहल्ल्यातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हाताला पट्टा बांधला, आकडा बघितला, पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही चालत कसे आलात?" गोळी लिहून दिली. मी घरी आणली आणि कपाटात ठेवली. भीतीने माणूस शहाणा होतो असं म्हणतात. मी नाय झालो. गोळी घेतली तर आपण आजारी आहोत हे खरं होईल, असं वाटायचं.

परवा मी वहिनींकडे आलो आणि सगळं सांगितलं. फिटचा शेरा कसा मिळवायचा, ते कुणी शिकवलं, सरबत कुणी पाजलं. वाटलं, हाकलून देतील. द्यायलाच हवं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमची गोळी चालू हाय का?"

मी मान हलवली, नाय म्हणून.

"घरी हाय ना? फोन करा. कुणाला तरी घेऊन यायला सांगा."

माझी मुलगी रोह्याहून गोळी घेऊन येईपर्यंत वहिनी माझ्यासमोरून उठल्या नाहीत. मग तांब्या पुढे केला. मी गोळी घेतली. तेव्हा म्हणाल्या, "तुमाला माफ केलंय असं समजू नका. पण तुमच्या घरी दुसरी सुनंदा नको."

सोबत्यांनो, पुढच्या महिन्यात आपलं मेडिकल आहे. या वर्गात माझ्यासारखे किती आहेत, मला माहीत आहे. काही जणांना तर ही युक्ती मीच सांगितली आहे. हात वर करू नका. फक्त घरी जाऊन बायकोला खरं सांगा. गेटवर बसायला लागलं तर बसा. तिथे मी तुमच्या आधी जाऊन बसतो, तसा अर्ज मी काल दिला आहे. हे सगळं करूनही मी वाचेन की नाय, मला ठाऊक नाय. चार वर्षांत आत काय बिघडलंय, कुणाला दिसतं?

विलास, तुझी माफी मागायला मी उशीर केला. माझा तुला अखेरचा सलाम.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू या. एक विनंती आहे. उभं असताना कुणाचं डोकं गरगरलं, कुणाच्या हाताला मुंग्या आल्या, छातीत भरून आलं, तर शांततेचा मान राखत बसू नका. लगेच शेजारच्याला सांगा.

उठू या.