दणक्याचं पथ्य

...न्हाई हो, भांडण कशाचं — ती तिकडं रसाच्या गाडीपाशी बसली, मी हितं बसलो, एवढंच. आशाबाई. आमच्या घरची. बसा तुम्ही, ही जीप भरल्याबिगर जाफराबाद सोडत न्हाई. तर काय सांगत होतो — हिच्या छातीत गाठ निघाली. संभाजीनगरला नेलं. डॉक्टरीणबाई तरणी, पण समजावलं बराबर. म्हणल्या, पेशी एकमेकींला धरून असतात, जीनमध्ये बिघाड झाला की धरलेलं सुटतं, मंग त्या जागा सोडून चालाय लागतात — काखेत, हाडात, कुठंबी. चालाय लागतात म्हणल्या. आता मी मेंढरावाला माणूस. बसलेला कळप कशानं उठतो? दणक्यानं. हे मला कुणी शिकवावं?

मंग काय — दणका बंद. धुणं बंद, फटफटी तर बिलकुल बंद. पुतण्याच्या हळदीत बँजो आल्ता, तिला दोन गाद्यांवर बसवली अन् बँजोवाल्याला हात जोडले, हळू वाजव बाबा. तिला शिंक आली की मी पळत जाऊन पाठ धरायचो. गाव हसून राह्यलं. ती म्हणली, "मी काय अंड्याची टोपली हाय का?" म्हणलं, व्हय. सलाईनची, म्हंजी किमोच्या औषधाची, तारीख आली, तर रस्त्याला हे खड्डे — ह्या रस्त्यानं नेऊ तिला? म्हणलं, डांबर पडू दे. कधी पडतं डांबर? न्हाई पडत. पुढची तारीखबी गेली.

अन् एक दिवस मी मेंढरं घेऊन गेल्तो, तवा ही शेजारच्या भागवतच्या ट्रॅक्टरवर चढली — ट्रॉलीत न्हाई, मडगार्डवर — अन् फाट्यावरून एसटी धरून गेली, एकटी. तिनंच विचारलं डॉक्टरीणबाईला. दणक्यानं काही होत न्हाई म्हणल्या, उशिरानं होतं. काखेत गेल्तं तवर.

घरी आली, चप्पल काढली अन् म्हणली, "मी जागची हलले न्हाई, तरी ते चाललंच की." बस. तवापासून बोलत न्हाई माझ्याशी. सलाईनला येऊ देते संगं, पण मी बसायचं मागच्या सीटवर. औषध लागू पडून राह्यलंय, गाठ आटलीय — हेबी मला डॉक्टरीणबाईनं सांगितलं, हिनं न्हाई. मी घरात आता मेंढरांशीच... न्हाई, डोळ्यात धूळ गेली. थांबा. तिनं हात केला का? तुम्हाला केला? तुम्हाला कशाला करंल, वळख ना पाळख — मलाच. मलाच हो. सरका जरा, पाय घ्या तुमचे.